शनिवारची कोरी चौकट

शनिवार

(ही चौकट कोरी आहे. छपाईत इथे काही आलेलं नाही.)

सोमवार

मालनकाकू तायडे खुर्च्यांचं काय ते विचारायला सभागृहात गेल्या आणि चपला हातात घेऊन परत आल्या. पायात घालायचं भानच राहिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ऋतिका पावटे सोलत बसली होती. तिच्यासमोर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शनिवार गेला."

"अजून यायचाय, काकू."

"यायच्या आधीच गेला. तुझ्या काकाने घेतला."

आता विक्रोळीच्या मैत्री वसाहतीत शनिवार असा सहजासहजी जात नाही. सभागृह एक, माणसं चार इमारतींची, त्यामुळे ते कोणाला कधी मिळणार याचे नियम देवाधर्माहून पक्के. पूर्वी दारात खडूने लिहायचा काळा फळा होता. एकदा एकाच मुहूर्तावर दोन नवरदेव वाजतगाजत दारात आले आणि एकमेकांचे फेटे बघत उभे राहिले. तेव्हापासून ठरलं, फळ्यावर आहे तेच खरं.

पुढे फळा गेला आणि सचिव अनिरुद्धने संगणकावरचं कॅलेंडर आणलं. ऑफिसात बसून तारखेवर टीप टाकायची, ती दारातल्या मोठ्या टीव्हीवर दिसते. शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला अख्खा महिना टिपांसकट छापून काचेच्या कपाटात लागतो. पण वसाहतीचा जीव फळ्यातच अडकलेला. टीव्हीवर काहीही झळको, तिकडे मान वर करून कोणी बघत नाही, काचेमागचा कागद म्हणेल तेच खरं. कागदावर एखादी चौकट कोरी राहिली, तर कोणीही पेनाने आपलं नाव लिहावं. चौकट त्याची.

येत्या शनिवारची चौकट कोरी आली होती. तिच्यात सकाळीच निळ्या पेनाने ठसठशीत अक्षरात लिहून झालं होतं: नमन मंडळ, रंगीत तालीम. खाली सही सीताराम डिंगणकर यांची, म्हणजे ऋतिका ज्यांच्या घरी राहते त्या तिच्या सख्ख्या काकांची.

खरी गोम पुढेच होती. त्याच कपाटाच्या वर, टीव्हीवर, त्याच शनिवारच्या चौकटीत पिवळ्याधमक अक्षरात झळकत होतं: सपना तायडे, हळद.

पडद्यावर आहे आणि कागदावर नाही. मग ती टीप छापताना गेली कुठे?

कडेची टीप

ऋतिकाला या भानगडीत पडायला वेळ होता, कारण गोरेगावची तिची मालिका गेल्या आठवड्यात सासू कोमात असतानाच गुंडाळली गेली होती. तिचं काम मोठं चमत्कारिक. आधीच्या शॉटमध्ये हिरोच्या उजव्या हातात कप असेल, तर पुढच्या शॉटमध्येही उजव्याच हातात आहे ना, एवढंच दिवसभर बघायचं. याला सेटवर कंटिन्यूइटी म्हणतात. घरी याला नसत्या चौकशा म्हणतात.

मंगळवार

सपना ऋतिकाची बालवाडीपासूनची मैत्रीण. रविवारी तिचं लग्न, मुलुंडला. ती रडत नव्हती. नखाने भिंतीचा पोपडा काढत बसली होती, हे त्याहून वाईट.

अडचण अशी की ही हळद चोरून ठरलेली. सपनाचे वडील धम्मपालकाका विहार मंडळाचे अध्यक्ष. लग्न म्हणजे वंदना, दोघांची प्रतिज्ञा आणि साधं जेवण. बाकीचं ओझं आपल्या आधीच्या पिढीने मोठ्या हिमतीने खाली ठेवलं, ते पुन्हा डोक्यावर घ्यायचं नाही, असं ते जिथे तिथे सांगत आले आणि तसेच वागत आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जिवलग मित्राने, अंबादासने, मुलीची हळद केली. धम्मपालकाका फाटकापर्यंत गेले, आतला मांडव बघितला आणि तिथूनच परतले. तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं.

"मला हळदीचं काही नाही गं," सपना म्हणाली. "मला आजीची गाणी हवीत. पण ती गाणी ती हळदीलाच म्हणते. एरवी सांगून बघ, तोंड उघडत नाही. आणि आता आवाज किती दिवस राहणार तिचा?"

आजी, म्हणजे धम्मपालकाकांच्या आई शांताबाई, कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. मूळच्या अकोल्याकडच्या. बोली अजून तिकडचीच.

"भाजीच्या चुलीपाशी का गाणं होते, पोरी?" त्या म्हणाल्या. "गाण्याले टाइम लागते अन् बाया लागतात. या खोलीत बाया मावतीन का? अन् त्या हॉलात तरी मी काय बसू, नुसते बाक. मागच्या बारीला पाठ गेली माही. कोणाले सांगलं नाही, एका धम्मपालले सोडून."

सपनाच्या आईने, मालनकाकूंनी, चहा देता देता हळूच बाकीचं सांगितलं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, पुढच्या हळदीपर्यंत थांबा म्हणण्यासारखं वय राहिलेलं नाही, म्हणून त्यांनी महिन्यापूर्वीच अनिरुद्धकडे शनिवार नोंदवला. एक तारखेला कागद लागला की नवऱ्याला कळणार, हे ठाऊक होतं. त्याच रात्री वांग्याची भाजी आणि भाकरी समोर ठेवून कबूल करायचं, असं ठरवलंही होतं. तेवढ्यात कागद आला तो कोरा. त्यांना वाटलं, अनिरुद्धने आपली लाज राखली. सोमवारी बघतात तर सीतारामभाऊंची सही.

"नशीब एवढंच," त्या म्हणाल्या, "की ह्यांची नेमकी त्या संध्याकाळी कल्याणला सभा निघाली. नाहीतर चोरूनही जमलं नसतं."

ऋतिकाच्या मेंदूत कुठेतरी एक कप डाव्या हातातून उजव्या हातात गेला. पण तिने तेव्हा लक्ष दिलं नाही.

तिथून ती ऑफिसात गेली. अनिरुद्ध घरून नोकरी करणारा संगणकवाला, आणि हे कॅलेंडर म्हणजे त्याचं पहिलं अपत्य. तो कळवळून म्हणाला की टीप त्याने स्वतः टाकली होती आणि पुसली नव्हती. नंतर तो चुलतभावाच्या लग्नाला गोव्याला गेला. एक तारखेला बसमधून उतरून थेट ऑफिसात आला, छपाईचं बटण दाबलं, कागद लावला आणि झोपायला गेला. वाचून बघितला नाही. मशीनने छापलेलं कोण वाचतं?

टीप कोणी बदलली हे मशीनला कळतं का, असं तिने विचारलं. कळलं असतं, तो म्हणाला, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा असता तर. इथे सगळ्यांचा एकच, आणि तो विसरतात म्हणून त्याने पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवलेला. ऑफिसच्या किल्ल्या मात्र तीनच: त्याची, सीतारामकाकांची आणि धम्मपालकाकांची.

सीतारामकाका घरी आरशासमोर उभे राहून पदर सावरत होते. कोकणातल्या नमनाच्या खेळात गवळणींबरोबर येणारी मावशी तेच रंगवतात, आणि रविवारी मंडळाची स्पर्धा होती.

"मी काय चोर हाय काय गो?" पुतणीकडे न बघता ते म्हणाले. "चौकट कोरी होती, लिवलं. कागद लागल्यावर त्या अनिरुद्धान मागाहून टीप घुसवलान. मैत्रिणीसाठी तू काकाची उलटतपासणी घेतेस होय? शुक्रवारी मीटिंग हाय. तिथं दाखव, की टीप आधीपासून होती. मी पेन मागं घेतो. नायतर फळ्यावर हाय ता खरा."

ऋतिका उठली. दारात काका पुन्हा बोलले, या वेळी हळू. "आणि शोधताना जपून हो, बाय. कोणाच्या घरात काय निघेल, सांगता येत नाय."

हे बोलताना ते आरशात बघत होते की तिच्याकडे, ते तिला कळलं नाही.

बुधवार

सकाळच्या कोवळ्या उन्हात ऋतिकाने काचेच्या कपाटातला कागद काढला आणि तिरका धरला. वॉचमन तिच्याकडे संशयाने बघत राहिला. हा कागद काढणं म्हणजे मैत्री वसाहतीत देव हलवण्यापैकी.

छपाई काळी-पांढरी. अनिरुद्धचं मशीन जुनं आणि शाई वाचवणाऱ्या बेतावर ठेवलेलं, त्यामुळे सगळे रंग करड्यात उतरलेले. इतर चौकटींत अक्षरं नीट होती. शनिवारच्या चौकटीत काकांची निळी सही, आणि तिच्याखाली काहीच नाही.

मग तिने कागद अजून थोडा कलता केला. निळ्या अक्षरांच्या वरच्या बाजूला, चौकटीच्या ऐन मध्ये, बारीक ठिपके होते. रवा चाळताना परातीबाहेर सांडावा, तेवढेच. तिने मोबाइलने फोटो काढून मोठा केला. ठिपके रांगेत होते. वर एक रांग आणि तिच्याखाली आणखी एक.

टीप छापली गेली होती. पिवळ्या रंगात छापली गेली होती, एवढंच. आणि त्या मशीनवर पिवळा रंग म्हणजे पांढरा रंग.

ती पळतच अनिरुद्धकडे गेली. त्याच्यावरचा आळ गेला होता, टीप कागदाच्या आधीचीच होती. त्याने कागद हातात घेतला, आणि आनंद व्हायच्या ऐवजी त्याचा चेहरा उतरला.

"रितू, मी हिला पिवळी केलीच नव्हती. माझ्याकडे लग्न लाल, तालीम हिरवी, घरगुती कार्यक्रम निळा. पिवळा मी वापरणंच सोडलंय. यार, तो छापलाच जात नाही ना."

सोमवारपासून अख्खी वसाहत टीव्हीवर पिवळी हळद बघत होती आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हळद पिवळी नाही तर काय निळी असणार? तिलाही वाटलं नव्हतं, आणि तिचा तर हाच धंदा.

पिवळा छापला जात नाही हे कोणाकोणाला ठाऊक होतं, तिने विचारलं. अनिरुद्धने आठवून सांगितलं. मागच्या वर्षी विहाराच्या कार्यक्रमाची टीप त्याने हौसेने पिवळी केली होती. कागदावर ती आलीच नाही, आणि धम्मपालकाकांनी मीटिंगमध्ये त्याला फैलावर घेतलं. हसणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज सीतारामकाकांचा होता.

म्हणजे दोघांना ठाऊक, आणि किल्ल्याही दोघांकडे.

आता टीप पिवळी कधी झाली, एवढंच उरलं. कॅरमच्या बक्षीस समारंभाचे फोटो वसाहतीच्या ग्रुपवर पडले होते, ते तिने काढले. समारंभ महिनाअखेरच्या आठवड्यातला, अनिरुद्ध गोव्याला निघाला त्याच संध्याकाळचा. विजेत्याच्या कानामागे टीव्हीचा कोपरा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यात शनिवार. टीप निळी होती.

म्हणजे अनिरुद्ध गावाला गेल्यावर आणि परत यायच्या आधी कोणीतरी किल्लीने ऑफिस उघडलं, टीप पिवळी केली आणि निघून गेलं. शनिवार कोरा राहून फायदा झाला असा माणूस एकच होता. तो घरी साडी नेसून गवळणीची बोलणी पाठ करत होता.

रात्री जेवताना काकूने विचारलं, आमटी आवडली नाही का. ऋतिका काकांच्या ताटाकडे बघत होती.

कडेची टीप

इथे थांबून वाचकाने स्वतः विचार केला तर हरकत नाही. सगळे पत्ते पटावर आहेत. एक पत्ता उपडा आहे, तो उद्या उलटेल. ज्याला आत्ताच उलटायचा असेल त्याने ठिपक्यांच्या रांगा मोजाव्यात.

गुरुवार

ऋतिकाला झोप लागली नाही ती काकांमुळे, आणि सकाळी तिला त्यांनीच सोडवलं, तेही नकळत. चहा पिताना काकांनी उंदराचा विषय काढला. कपाटात उंदीर शिरला होता, मावशीच्या परकराचा काठ कुरतडून गेला. "हरामखोर," काका म्हणाले, "खायचा तर अख्खा खा. अर्धा कशाला ठेवतोस? मला दाखवायला?"

तिने बशी खाली ठेवली.

ज्याला शनिवार लाटायचा आहे तो टीप पुसून टाकेल. कागदावर नाही, पडद्यावर नाही, मालनकाकू कपाळ बडवत बसतील आणि पुरावा शून्य. पण इथे टीप पडद्यावर ढळढळीत ठेवलेली. चोर असं करत नाही. ज्याने रंग बदलला त्याला टीप हवी होती. हळद व्हायला हवी होती. फक्त ती काचेमागे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लागायला नको होती.

असं मालनकाकूंना वाटणं साहजिक, नवऱ्याची किल्ली खिळ्यालाच टांगलेली. पण काकू त्या मीटिंगला नव्हत्या. टीप छापली जाणार याची त्यांना इतकी खात्री होती, की त्यांनी वांग्याच्या भाजीचा बेत केला होता.

ऋतिका ऑफिसात गेली. एक गोष्ट बघायची राहिली होती. ठिपक्यांच्या रांगा दोन होत्या, आणि टीव्हीवर ओळ एकच दिसत होती. अनिरुद्धने सांगितलं, त्यात काय, पडद्यावर चौकट लहान, म्हणून टिपेची पहिली ओळच दिसते. बाकीचं बघायचं तर टीप उघडावी लागते, ती तो कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या लावताना उघडतो. पण मालनकाकूंनी सांगितली आणि त्याने टाकली ती एकच ओळ होती, दुसरी कुठली?

ऋतिकाने त्याला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि शनिवारची टीप उघडली. पहिली ओळ: सपना तायडे, हळद. तिच्याखाली, तशीच पिवळी, दुसरी.

आईला पाठीची खुर्ची. पहिल्या रांगेत.

सभागृहात पाठीच्या खुर्च्या दोनच, त्या प्रमुख पाहुण्यांच्या. शांताबाईंना सपना आजी म्हणते, मालनकाकू आत्याबाई म्हणतात, अख्खी वसाहत आजी म्हणते. त्यांना आई म्हणणारा या पृथ्वीवर एकच माणूस होता, आणि त्यांची पाठ दुखते हेही त्यांनी त्या एकट्यालाच सांगितलं होतं.

तिला मालनकाकूंची ती कल्याणची सभा आठवली. मुलीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बाप परगावी? अशी गोष्ट तिने सेटवर एका सेकंदात पकडली असती.

अनिरुद्ध चहा घेऊन आला तेव्हा टीप बंद होती. काही सापडलं का, त्याने विचारलं. ती म्हणाली, सापडलं, पण ते माझं नाही.

शुक्रवार

धम्मपालकाका दुपारी विहारात सतरंज्या झटकत होते. ऋतिकाने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून एक सतरंजी झटकली, घडी घातली, दुसरी घेतली.

"काका, कल्याणला सभा नाहीये ना?"

"तू मालिकेत काम करतेस. पोलिसात नाही."

"मालिकेतही हेच बघतात. लग्नाच्या आदल्या दिवशी बाप घर सोडून जातो, हे प्रेक्षकांना पटत नाही."

काकांनी घडी नीट चौकोनी केली. मग ते सतरंज्यांच्या ढिगावरच बसले आणि थोडं थोडं सांगत गेले. विहाराचं पत्रक छापायला म्हणून ते ऑफिसात गेले होते. सपनाची टीप दिसली. हात पुसायलाच गेला होता. पण आई ज्या रात्री गाते त्या रात्री ती तिच्या आईच्या आवाजात गाते, आणि हे त्यांनी लहानपणी जात्याशेजारी झोपून ऐकलेलं. पुसवलं नाही. आणि तसंच ठेवावं, तर एक तारखेला काचेसमोर अंबादास उभा राहून वाचणार. मग पिवळा रंग आठवला. आपण गावाला गेलो की त्यांचं त्या बघतील, असं वाटलं. सीताराम कोऱ्या चौकटीत पेन चालवेल हे डोक्यातच आलं नाही.

"अंबादासच्या दारातून मी परत फिरलोय," ते म्हणाले. "विचार चुकीचा नव्हता माझा. आजही नाही. पण त्याच्या पोरीने मला फाटकातून जाताना बघितलं होतं."

ऋतिकाने सांगितलं की संध्याकाळी ती मीटिंगमध्ये टीप कशी नाहीशी झाली ते सांगणार आहे, कोणी केली ते सांगणार नाही. ते नाव तिचं नाही.

"आणि चौकट?"

"ती नावाशिवाय मिळणार नाही, काका. टीप आपली म्हणायला कोणीतरी उभं राहावं लागेल."

काकांनी पुढची सतरंजी ओढली. सतरंज्या अजून बऱ्याच होत्या, पण त्यांनी तिला जा म्हणून खूण केली.

मीटिंगला सभागृह भरलं. वसाहतीत इतकी माणसं एकदम पाणी गेल्यावरच जमतात. सीतारामकाका पुढे, अंबादास खांबाला टेकून, मालनकाकू आणि सपना बायकांत, शांताबाई बाकावर एक हात कमरेला लावून. धम्मपालकाका शेवटच्या रांगेत.

ऋतिकाने कागद फिरवला. ठिपके बघा म्हणाली. कॅरमचा फोटो दाखवला, त्यातली निळी टीप दाखवली. अनिरुद्धवरचा आळ खोटा होता हे सगळ्यांनी मान्य केलं. अनिरुद्धने रुमालाने डोळे पुसून सर्दी झाल्याचं सांगितलं. मग बायकांतून कोणीतरी स्पष्टच विचारलं, की म्हणजे रंग सीतारामभाऊंनी बदलला का.

काका उठायला लागले. ऋतिकाने त्यांना हाताने बसवलं.

"माझ्या काकांना चौकट हवी असती तर त्यांनी टीप पुसली असती. ज्याने ती पिवळी केली त्याला ती पुसवत नव्हती. आणि दाखववतही नव्हती. माझ्याकडे आहे ते एवढंच. आता ही टीप ज्याची आहे त्याने ती घ्यावी, नाहीतर फळ्यावर आहे तेच खरं."

सपना भिंत शोधत होती, पण जवळ भिंत नव्हती.

मग मागच्या रांगेत बाक करकरलं. धम्मपालकाका उठले, माणसांमधून वाट काढत ऑफिसच्या उघड्या दारापर्यंत गेले आणि संगणकासमोर बसले. चष्मा चढवला. पडद्याच्या कडेला चिकटवलेला पासवर्ड वाचून एकेक अक्षर दाबलं. दारातल्या टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं. शनिवारची पिवळी टीप काळी झाली. मग हळद हा शब्द मागून पुढे एकेक अक्षराने गेला, आणि त्या जागी आलं: गाणी.

"पिवळी मी केली होती," ते आतूनच म्हणाले. "विधी नाही. गाणी होतील. ज्यांना पिवळी साडी नेसायचीय त्यांनी नेसावी, मी साडीला विरोध केलेला नाही."

मालनकाकूंनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, हे मागून कळत नव्हतं.

छपाईयंत्र घरघरलं. अनिरुद्धने कागद आणला, कपाटात लावायला पुढे झाला, आणि अंबादासने तो त्याच्या हातातून घेतला. फळ्यावर लागणारं मोठ्याने वाचायचं, ही खडूच्या काळापासूनची रीत.

पडद्यावर पहिलीच ओळ दिसते. कागदावर मात्र सगळी टीप येते. हे ऋतिकाला ठाऊक होतं, अनिरुद्धला ठाऊक होतं. धम्मपालकाका या घाईत विसरले होते.

"सपना तायडे, गाणी," अंबादासने वाचलं. मग थांबला. चष्मा वर केला आणि पुढचं हळू वाचलं. "आईला पाठीची खुर्ची. पहिल्या रांगेत."

शांताबाईंनी शेजारणीला काय म्हणे ते विचारलं. शेजारणीने कानात सांगितलं. म्हातारीने ऑफिसच्या दाराकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मले वाटलं, ध्यानात नाही राह्यलं त्याच्या."

अंबादासने कागद काचेमागे लावला. धम्मपालकाका दारात आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "दोन खुर्च्या आहेत तसल्या. एक आईची. दुसरी तुझी. त्या वेळी माझ्याकडे पण ठेवली होती, तू बसला नाहीस."

"उद्या बसतो," धम्मपालकाका म्हणाले.

राहता राहिले सीतारामकाका. त्यांची तालीम गेली होती आणि रविवारी स्पर्धा होती. ते कपाटाकडे गेले, खिशातलं निळं पेन काढलं. ऋतिका दोन पावलं पुढे आली. काकांनी शनिवारच्या चौकटीत, उरलेल्या जागेत, काहीतरी लिहिलं आणि टोपण लावलं.

"मृदंगाशिवाय गाणी कशी होतात ता बघतो मी," ते म्हणाले. "आणि मावशीला बायकांच्या कार्यक्रमाचं आवतन लागत नाय. सगळी सोंगा घेऊन येतो. आयता प्रेक्षक मिळाला, आणखी काय पायजे?"

शनिवार

सपना तायडे, गाणी.
आईला पाठीची खुर्ची. पहिल्या रांगेत.
नमन मंडळ, साथीला.

कडेची टीप

फोटो ऋतिकाने काढले. गाण्यांच्या आधीचा एक: पहिल्या रांगेत दोन पाठीच्या खुर्च्या, एकीत शांताबाई, दुसरीत पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले धम्मपालकाका, हात गुडघ्यांवर, परीक्षेला बसल्यासारखे. गाणी झाल्यावरचा एक: सीतारामकाका लुगड्यात, अंबादासच्या हातात झांजा, सपना हसून हसून वाकलेली, मागे धम्मपालकाका उभे. मधल्या वेळात शांताबाई तासभर गायल्या आणि धम्मपालकाकांचे ओठ प्रत्येक ओळीला हलत होते. एकही शब्द चुकला नाही.

रविवारी सकाळी लग्नाला निघण्याआधी ऋतिकाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, सवयीने. दुसऱ्या फोटोत धम्मपालकाकांच्या डाव्या खांद्यावर चार बोटांचा पिवळा ठसा होता. पहिल्यात नव्हता. शांताबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या.

अशी चूक दाखवून द्यायचेच तिला पैसे मिळतात. तिने कोणाला काही सांगितलं नाही. दुसरा फोटो अनिरुद्धला पाठवला आणि म्हणाली, कपाटात लाव. त्याने विचारलं, रंगीत छापून आणू का बाहेरून?

"नको," ऋतिका म्हणाली. "आपल्याच मशीनवर छाप."